खिरापत ओळखणारी

गजेंद्र वरूडहून परतला तेव्हा त्याच्या मोटारसायकलच्या हँडलला दोन पिशव्या लटकत होत्या. एकीत कुंभाराकडची भुलाबाई होती, गवतात गुंडाळलेली, शेजारी भुलोजी आणि मांडीवर बोटाएवढा गणपती. दुसरीत कुरिअरवाल्याकडून सोडवून आणलेला कॉम्प्युटर होता.

त्याची बायको आरती अकोल्याची. तिनं दुसरी पिशवी उघडली, आतली हिरवी पट्टी तळहातावर घेऊन उलटीसुलटी केली आणि म्हणाली, "अहो, हा तर नुसता आतला भाग देल्ला तुमाले. बाकीचा कॉम्प्युटर कुठी हाय?"

"एवढाच असते तो."

"पत्त्याच्या कॅटाएवढा?"

"मोबाइलच्या चार्जरवर चालते. पंखा नाई, आवाज नाई. दिवसरात सुरू ठेवला तरी बिलात समजणार नाई."

"मंग ठीक हाय," आरती म्हणाली, "तुमच्यासारखाच हाय."

गजेंद्र हसला आणि पट्टी तिच्या हातातून अलगद काढून घेतली. त्यानं नववीतच शाळा सोडली होती. मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून, संत्र्याच्या बगिच्याला पाणी देता देता, तो कॉम्प्युटरचं जे काही शिकला तेवढंच त्याचं शिक्षण. ही पट्टी घरातल्या वायफायला जोडायची, तिच्या पोटी गाण्यांनी भरलेली हार्डडिस्क लावायची, की घरातल्या कोणत्याही खोलीतल्या टीव्हीवर, मोबाइलवर एकच गाणं एकाच वेळी वाजवता येतं, हे त्याला कळलं होतं. आणि ते कळल्या दिवसापासून त्याच्या मनात एकच गोष्ट होती. त्याला आपल्या आईला स्वयंपाकघरातून बाहेर काढायचं होतं.

शेंदूरजनाघाटच्या त्या गल्लीत भुलाबाई म्हणजे गजेंद्रची आई कौशल्याबाई, असं होतं एकेकाळी. भादव्याच्या पुनवेला भुलाबाई माहेरी येते आणि कोजागिरीपर्यंत राहते. रोज दिवेलागणीला पोरी जमतात, टिपऱ्या आणि टाळ्यांवर गाणी म्हणतात. पुढची ओळ कौशल्याबाईंची, मागची पोरींची. त्यांचा आवाज पार मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत ऐकू जायचा. मग तीन वर्षांमागं एका सकाळी त्या उठल्या आणि घशात आवाजच नव्हता. नुसती हवा. अमरावतीच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, नागपूरच्यांनी पाहिलं. काही सापडलं नाही. कौशल्याबाई हळूहळू माणसांतून उठल्या. कोणी दारात आलं की त्या आतल्या खोलीत जायच्या. बोलायचंच झालं तर आरतीच्या कानाशी तोंड नेऊन कुजबुजायच्या.

गल्लीचंही तसंच झालं होतं. बोअर आटले, कित्येकांनी संत्र्याची वाळकी झाडं तोडून लाकडं करून विकली, आणि यंदा तर ऐन फाल्गुनात गारा पडल्या. कोणाला गाण्याची आठवण काढावीशी वाटत नव्हती. पोरींना भुलाबाईची दोन-तीन गाणीच येत होती, तीही अर्धी.

पण गजेंद्रच्या वडलांनी, भगवंतरावांनी, फार पूर्वी हौसेनं टेपरेकॉर्डर घेतला होता आणि एका भुलाबाईत सगळी गाणी कॅसेटवर उतरवली होती. पुढे कौशल्याबाई, मागे गल्लीतल्या आठ पोरी. भगवंतराव आता फळांच्या राखणीला बगिच्यातच राहत. कॅसेट गजेंद्रनं माळ्यावरून शोधून काढली, धूळ पुसली, गाणी लॅपटॉपवर घेतली आणि तिथून त्या हिरव्या पट्टीच्या हार्डडिस्कवर टाकली.

कोनाड्यात भुलाबाई बसली, तिच्याखालच्या फळीवर कॉम्प्युटर. त्याचा इवलासा लाल दिवा समईखाली आणखी एक वात लावल्यासारखा दिसत होता. गाणं बैठकीतल्या टीव्हीवर वाजणार होतं, आणि स्वयंपाकघरात फडताळावर ठेवलेल्या जुन्या मोबाइलवर. आई बाहेर येणार नाही हे गजेंद्रला माहीत होतं. तिचा आवाज तरी तिच्यापर्यंत जावा.

पहिल्या संध्याकाळी सहा-सात पोरी जमल्या. त्यांत सगळ्यांत पुढे अलीझा, संत्र्याचे व्यापारी अब्दुल गफ्फार यांची मुलगी, शेजारच्याच घरातली. तिला गाण्यापेक्षा खिरापतीत रस होता आणि ते ती लपवतही नव्हती. तेवढ्यात भारनियमनाची वेळ झाली. दिवे गेले. इन्व्हर्टरवर टीव्ही, वायफाय आणि कॉम्प्युटर तेवढे चालू राहिले. समईच्या उजेडात गजेंद्रनं गाणं लावलं.

टिपऱ्यांचा आवाज आला, आणि मग कौशल्याबाईंचा. तरणाताठा, भरलेला, थोडा नाकातून येणारा. पोरी एकदम गप्प झाल्या. त्यांच्यातल्या लहानग्यांनी तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. टीव्हीतून ओळ यायची, आणि अर्ध्या मात्रेनं मागून स्वयंपाकघरातल्या मोबाइलमधून. वायफायवर तेवढा फरक पडतोच, हे गजेंद्रला ठाऊक होतं. त्यानं डोळे मिटून ऐकलं. एक, टीव्ही. दोन, स्वयंपाकघर.

आणि मग तीन.

अगदी बारीक. मागच्या कोठीतून, जिथं पोती आणि रिकामे डबे होते. तिथं ना टीव्ही होता, ना मोबाइल. भिंतीवरून आवाज परत येत असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. कोठीच्या दारातून जुन्या ज्वारीचा वास येत होता, आणि त्यात कशाचा तरी गोडसर, ओल्या मातीसारखा.

स्वयंपाकघरात कौशल्याबाईंनी मोबाइलवर पातेलं उपडं घातल्याचा आवाज झाला. गजेंद्रचं तोंड उतरलं.

गाणी संपली. आरती झाकणाचा डबा घेऊन आली आणि पोरींसमोर खुळखुळवू लागली. आत काय आहे ते पोरींनी ओळखायचं. जी ओळखेल तिचा पहिला वाटा. कोणालाच जमलं नाही, तर डबा भरणाऱ्या बाईनं मोठ्यानं 'हरल्या वं हरल्या' म्हणायचं. त्याशिवाय झाकण उघडत नाही.

"गोड का तिखट?" अलीझानं विचारलं.

"तिखटही नाई न् गोडही नाई."

"चिवडा! फुटाणे! मुरमुरे!"

आरती मान हलवत राहिली. टीव्हीवर कॅसेट पुढं चाललीच होती. जुन्या पोरींचा हसण्याचा, डबा खुळखुळण्याचा आवाज येत होता. आणि त्या सगळ्यातून एक कोवळा, किनरा आवाज आला.

"खारे शंकरपाळे."

आरतीचा हात थांबला. तिनं झाकण उघडलं. खारे शंकरपाळेच होते.

"अलीझा, तू स्वयंपाकघरात डोकावली होतीस न्?"

"अल्लाकसम, मी नाई बोलली भाभी! टीव्हीतली पोरगी बोलली!"

सगळ्या हसल्या. जुन्या काळीही त्या दिवशी शंकरपाळेच असतील, असं ठरलं. मग मात्र अलीझा म्हणाली, "पण पहिला वाटा तिचा झाला नं," आणि पोरींनी खेळाखेळात एका वाटीत शंकरपाळे घालून ती कॉम्प्युटरजवळ ठेवली. पोरी गेल्यावर गजेंद्रनं लॅपटॉपवर तीच फाइल लावली. कानाला इअरफोनची बोंडं लावून शेवटपर्यंत ऐकली. हसणं होतं. डबा होता. तो आवाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी आरतीनं मुद्दाम उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा फडक्यात बांधून डब्यात घातल्या, म्हणजे आवाजच होणार नाही. गाणी झाली. पोरींनी बर्फीपासून भाकरीपर्यंत सगळं म्हणून पाहिलं. मग टीव्हीतून, जरा वेळ घेऊन, तो आवाज आला.

"शेंगा... उकडलेल्या."

कोणी हसलं नाही. अलीझा आरतीच्या पदराशी सरकली.

"...मीठ जास्त झालं," आवाज म्हणाला.

स्वयंपाकघरात भांडं पडलं. कौशल्याबाई दारात आल्या. पोरींसमोर, उजेडात, कित्येक महिन्यांनी. त्यांनी डबा ओढून घेतला, एक शेंग फोडली, दाणा तोंडात टाकला. मीठ जास्तच झालं होतं. त्यांनी आधी आरतीकडे पाहिलं, मग टीव्हीकडे, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आवाज नव्हता, पण त्या हसत होत्या. इतक्या की पदर तोंडाला लावून खाली बसल्या.

मग त्यांनी आरतीला जवळ ओढलं आणि तिच्या कानात काही कुजबुजल्या.

"आई म्हणून रायल्या," आरती म्हणाली, "का उद्यापासून डबा मी भरतो. पाह्यतो कशी ओळखते ते."

त्या रात्री गजेंद्रला झोप आली नाही, ती आनंदानं की भीतीनं हे त्याला कळलं नाही.

पुढचे दिवस त्या गल्लीत कोणी विसरलं नाही. कौशल्याबाई सकाळपासून कामाला लागायच्या. कोहळ्याचे बोंडं, म्हणजे गोड भजी, केले; टीव्हीतल्या आवाजानं ओळखले. ज्वारीच्या लाह्यांचे लाडू केले. ओळखले, वर "पाक कच्चा राह्यला" म्हणून सांगितलं. एकदा त्यांनी डब्यात मोठा गोटा टाकला आणि खाली लपवून रोडग्याचा गोड चुरमा ठेवला. सगळ्या पोरी "दगड! दगड!" म्हणून ओरडल्या. टीव्हीतून हसण्याचा आवाज आला.

"गोटा हाय वरून... खाली चुरमा."

कौशल्याबाईंनी दोन्ही हात कपाळावर मारून घेतले. बायका हसून लोळल्या. हो, आता बायकाही यायच्या. आधी शेजारची एक आली, मग तिची जाऊ, मग ज्यांनी गारांनंतर घराबाहेर पाय टाकला नव्हता त्याही. बैठकीत जागा पुरेना, म्हणून गजेंद्रनं अंगणात आणखी एक मोबाइल लावला. पोरी गाणी शिकल्या. टीव्हीतल्या कौशल्याबाई पुढची ओळ म्हणायच्या आणि समोरच्या कौशल्याबाई हातानं ताल देऊन, ओठ हलवून पोरींना मागची ओळ दाखवायच्या. आपल्याच आवाजावर पातेलं घालणारी बाई ती हीच, हे सांगून पटलं नसतं.

एके दिवशी त्यांनी अकीलाला, अलीझाच्या आईला, बोलावून घेतलं आणि खुणांनी समजावलं. खिरापत आज तुझ्या घरी शिजव. माझ्या घरात नावसुद्धा काढू नको.

"भाभी, तुमी तर जंगच पुकारली," अकीला हसत म्हणाली. "ठीक हाय. पाहू कोण जितते."

संध्याकाळी ती ओढणीखाली झाकून डबा घेऊन आली. गाणी झाली. शांतता झाली. समईची वात तडतडली.

"शेवया... दुधातल्या," आवाज म्हणाला. "अकीलाच्या हातच्या."

अकीलानं तोंडावर हात ठेवला. "या अल्ला... मह्यं नावही घेतलं!" आणि मग घाबरायचं सोडून ती लाजल्यासारखी हसली. "साखर बरोबर हाय का गं, बेटा?"

"बरोबर."

त्या दिवशी गल्लीत अकीलाचा जो मान झाला तो सांगता येत नाही.

वाटी मात्र रोज कॉम्प्युटरजवळ ठेवली जायची. ओळखणारीचा पहिला वाटा. सकाळी वाटी तशीच असायची. फक्त, आरतीनं एकदा भांडी घासताना गजेंद्रला दाखवलं, लाडवांना, शेवयांना, कशालाच एकही मुंगी लागलेली नसायची. त्यांच्या घरात साखरेचा दाणा सांडला तरी दोन मिनिटांत रांग लागायची.

गजेंद्र हे सगळं पाहत होता आणि एक गोष्ट कोणाला सांगत नव्हता. लॅपटॉपवर त्या कॉम्प्युटरचं एक पान उघडायचं. आत्ता गाणं कोण ऐकतंय, ते तिथं दिसायचं. टीव्ही. स्वयंपाकघरातला मोबाइल. अंगणातला मोबाइल. आणि त्यांच्याखाली आणखी एक ओळ. नाव नसलेली. जिथं नाव यायचं तिथं कोरी जागा आणि पुढं हिरवा ठिपका. शेजारचं कोणी फुकटात जोडलं गेलं असेल म्हणून त्यानं वायफायचा पासवर्ड बदलला. कोरी ओळ तिथंच होती.

मग एका संध्याकाळी, गाणं ऐन रंगात असताना, त्यानं गुपचूप राउटरची वायर काढली. टीव्हीवर गोल फिरायला लागला. स्वयंपाकघर गप्प झालं, अंगण गप्प झालं. बायका "काय झालं, काय झालं" म्हणू लागल्या.

मागच्या कोठीतून गाणं चालूच होतं. बारीक, एकटं. आणखी दोन ओळी ते चाललं, आणि मग मध्येच थांबलं. बाकीचे गप्प झालेत हे उशिरा लक्षात आल्यासारखं.

गजेंद्रनं घाईघाईनं वायर परत लावली. 

तो कॉम्प्युटर एका झटक्यात बंद करू शकला असता. पण समोर आई बसली होती, बायकांच्या मधोमध, मांडीवर अलीझाला घेऊन, आणि तिच्या तोंडावर असं काही होतं की ते तीन वर्षांत त्यानं पाहिलं नव्हतं. त्यानं हात मागं घेतला.

आवाज कोणाचा, हे तरी कळावं म्हणून त्यानं कॅसेटमधल्या पोरींचा शोध घेतला. सगळ्या लग्न होऊन दूर गेल्या होत्या. एकेकीला फोन लावला. सगळ्या सुखरूप होत्या, पोराबाळांत होत्या. त्यातली एकही वारलेली नव्हती, मग बोलतंय कोण, हे त्याला अधिकच कळेना. शेवटी मूर्तिजापूरला दिलेली पार्बताताई फोनवर खळखळून हसली.

"अरे, ती खिरापत ओळखे ती? ती तर तुझी आईच रे! मागून आवाज बदलून बोले. आमाले ठाऊक होतं, पण आमी कधी म्हटलं नाई काकूले."

"तेव्हाही होती ती?"

"मंग! पहिल्या वर्षापासून."

गजेंद्र स्वयंपाकघरात गेला. आई बेसन भाजत होती. त्यानं विचारलं. कौशल्याबाईंचा हात कढईत थांबला. त्यांनी मान हलवली. मग त्याला जवळ बोलावून, कानाशी, नुसत्या हवेनं म्हणाल्या, "मले तर वाटे... पोरीतलीच एखादी बोलते. म्हणून मीही... कधी विचारलं नाई."

 बेसनाचा करपल्याचा वास यायला लागला. कौशल्याबाईंनी चटकन कढई उतरवली, आणि त्यांच्या डोळ्यांत भीती यायच्या ऐवजी एकदम चमक आली.

"बेसन करपलं," त्या कुजबुजल्या. "आता संध्याकाळी हेही सांगन ते कार्टं."

आणि तेच झालं.

कोजागिरी आली. ज्वारीच्या ताटांची खोपी करून भुलाबाई अंगणात मांडली. चंद्र वर आला तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. भगवंतराव बगिच्यातून आले. अब्दुल गफ्फार दारात खुर्ची टाकून बसले, "आज फैसला होऊनच जाऊ दे," म्हणाले. चुलीवर दूध आटत होतं. कौशल्याबाई अजून एकदाही जिंकल्या नव्हत्या, आणि उद्या भुलाबाई सासरी जाणार होती.

त्या दिवशी सकाळी त्यांनी आरतीला सांगितलं होतं, "जे माह्या हातानं होते ते तिले समजते. अकीलाच्या हातानं झालं तेही समजलं. पण जे कोणालेच ठाऊक नाई..."

अंगणाच्या कोपऱ्यात, हौदाजवळ, एक संत्र्यासारखं झाड आपोआप उगवलं होतं. कोणी लावलेलं नाही, कलम नाही, कोणीतरी थुंकलेल्या बीचं. असल्या झाडाला काय लागेल हे त्या गावात कोणी सांगत नाही. गोड संत्रं लागेल, नाहीतर जंबेरीसारखं दात आंबवणारं. गारांतून ते कसंबसं वाचलं आणि यंदा पहिल्यांदाच त्याला एक फळ धरलं. एकच. कौशल्याबाईंनी ते तोडलं आणि डब्यात ठेवलं.

गाणी झाली. मोठी, सगळी, एकही न गाळता. पोरींना आता सगळी येत होती. मग कौशल्याबाई उठल्या आणि चांदण्यात उभं राहून त्यांनी डबा हलवला. आत काहीतरी गोल घरंगळलं.

पोरींतल्या कोणी तोंड उघडलं नाही. आज सगळ्यांना त्या आवाजाचंच ऐकायचं होतं.

"फळ हाय," आवाज म्हणाला.

बायकांत कुजबूज झाली. कौशल्याबाईंनी अलीझाला खूण केली.

"कायचं फळ?" अलीझानं विचारलं. "गोड का आंबट?"

समई तेवत होती. दूध चुलीवर हळूच फुटत होतं. टीव्हीतून कॅसेटची खरखर तेवढी येत होती.

"गोल हाय..." आवाज म्हणाला. "पिवळं... हिरवं..."

"गोड का आंबट?"

खूप वेळ काही आलं नाही. मग इतक्या हळू, की मागच्यांना ऐकू गेलं नसेल.

"...ठाऊक नाई."

अंगणात जो आरडाओरडा झाला! अब्दुल गफ्फार खुर्चीवरून उठले. पोरी उड्या मारू लागल्या. पण झाकण उघडायला कौशल्याबाईंचा हात गेला तसा अलीझानं तो धरला. "काकू! आधी म्हणा लागते! नाई म्हटलं तं डबा उघडत नाई!"

अकीलानं तिला चापट मारली. आरतीनं पटकन पुढं होऊन म्हणायला तोंड उघडलं. पण डबा कौशल्याबाईंनी भरला होता. त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. मान वर केली. त्यांच्या गळ्याची शीर उडताना गजेंद्रला चांदण्यात दिसली.

"हरली वं हरली!"

मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत गेला तो आवाज. भरलेला, नाकातून येणारा. गल्लीतले कुत्रे भुंकायला लागले. कौशल्याबाईंनी दोन्ही हात गळ्याला लावले, जणू तिथून काही उडून जाईल, आणि पुन्हा म्हणाल्या, "हरली वं!" आणि मग रडत, हसत, "आरती! अकीला! अहो, ऐकून रायले का तुमी? मी बोलून रायलो!"

भगवंतराव उभ्या उभ्या धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत राहिले. झाकण उघडलं. फळ सोललं. कोणी ओळखलं नव्हतं, म्हणून पहिली फोड कौशल्याबाईंची. त्यांनी ती तोंडात टाकली आणि डोळे मिटले.

"गोड हाय," त्या म्हणाल्या. "मधासारखं गोड हाय."

बाकीच्या फोडी इतक्या बारीक करून वाटल्या की कोणाच्या जिभेला नुसता वास लागला असेल. कोणाची तक्रार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या भुलाबाईला घेऊन नदीकडे निघाल्या. पुढं कौशल्याबाई, डोक्यावर पाट, आणि तोंडात गाणं. गजेंद्र कॉम्प्युटर बंद करून येतो म्हणून मागं राहिला. घर एकदम रिकामं वाटत होतं. उंबऱ्यातून ऊन आत आलं होतं.

टीव्ही बंद होता, मोबाइल बंद होते. तरीही पानावर ती कोरी ओळ होती आणि पुढं हिरवा ठिपका. गाणं चालू होतं, कोणासाठी कोण जाणे. गजेंद्रनं आपला मोबाइल जोडला आणि बोंडं कानात घातली.

टिपऱ्या वाजत होत्या. आठ पोरी मागची ओळ म्हणत होत्या. पण पुढची ओळ नव्हती. जिथं आईचा आवाज यायचा तिथं नुसती खरखर, एका ओळीएवढी लांब, आणि मग पुन्हा पोरी. त्यानं कॅसेट काढून टेपरेकॉर्डरवर लावली. तिच्यातही तसंच. आवाज ज्याचा होता त्याच्याकडे परत गेला, एवढंच त्याला सुचलं. त्यानं टेपरेकॉर्डर बंद केला आणि कॉम्प्युटरची वायर काढायला हात पुढं केला.

खरखरीत कोणीतरी श्वास घेतला.

मग तो कोवळा आवाज पुढची ओळ म्हणू लागला. चाचपडत, शिकणाऱ्यासारखा. दुसऱ्याच शब्दाला चुकला, थांबला, पुन्हा सुरुवात केली. मागच्या पोरी, पंचवीस वर्षांपूर्वीच्या, ताल धरून तिची वाट पाहत होत्या. ती पुन्हा अडली.

"दादा..." कानाशी आवाज आला. "पुढं काय हाय?"

गजेंद्रनं इकडंतिकडं पाहिलं. ऊन होतं, कोनाडा होता, कोठीचं दार अर्धं उघडं होतं. त्याला भीती वाटायला हवी होती. पण इतकं अजीजीनं त्याला कोणी काही विचारलं नव्हतं, आणि ती ओळ त्याला पाळण्यातल्यापासून पाठ होती. त्यानं ती म्हटली. हळूच, चालीत.

ओठ हलले. जीभ हलली. खोलीत काहीच उमटलं नाही. त्याचा आवाज त्याला ऐकू आला तो कानांतल्या बोंडांतून, खरखरीच्या आतून, टिपऱ्यांच्या तालावर. आठही पोरी आनंदानं टाळ्या वाजवू लागल्या.

गल्लीच्या टोकावरून आईनं हाक मारली, मोठ्यानं, खणखणीत. "गजा! चाल नं बापा, भुलाबाई खोळंबली!"

'आलो' म्हणायला गजेंद्रनं तोंड उघडलं. आणि कानात, पोरींच्या घोळक्यातून, तो स्वतःच म्हणाला, "आलो."